बसून घेतलेलं माप

"साहेब, गाडीवर बसा. चालवताना बसता तसंच बसा," इंदूताई भोपळे म्हणाल्या आणि गळ्यातली टेप काढून माझ्या बुटापाशी उकिडव्या बसल्या.

मी बसलो. कोल्हापुरात, भर बाजारात, सकाळी अकरा वाजता. त्यांच्या दुकानासमोरच रिक्षाथांबा. पाऊस तासभर उघडला होता, म्हणून झाडून सगळे रिक्षावाले बाहेर येऊन उभे, आणि कुणाच्याच हाताला काम नाही. माझी उंची सहा फूट चार इंच. मी नुसता रस्ता ओलांडला तरी लोक वळून बघतात, इथं तर एक बाई माझ्या पायाचं माप घेत होती.

"इंदूताई, शिडी आणू काय?" पलीकडून एकानं हाळी दिली.

"अगं, दोन रिक्षांच्या हुडाचं कापड लागंल ह्याला!" दुसरा म्हणाला. सगळा थांबा खदाखदा हसला. बसची वाट बघणारे हसले, उसाच्या गुऱ्हाळावरचा माणूस हसला.

"तुमी गप बसा रं!" ताई मान वर न करता ओरडल्या आणि टेपेचं टोक माझ्या कमरेला लावायला उठल्या.

मी ताडकन गाडीवरून उतरलो.

"राहू दे ताई. मला साइटवर जायचंय. माप मीच घरी घेतो आणि उद्या चिठ्ठी आणून देतो."

"घरी कोण हाय माप घ्यायला? एकट्याला जमायचं न्हाई ते. आणि बसूनच घ्यावं लागतंय बघा. उभ्यानं घेतलं की झालं वाटोळं. गुडघा वाकला की पॅन्ट चार-पाच इंच वर चढती, आणि सगळं पाणी बुटात."

"ताई, मी भूकरमापक आहे. लोकांच्या शेताची मोजणी करतो. मला माझा पाय मोजता येत नाही होय?"

त्या हसल्या. "ते बी खरं. मोजणीवाल्याचं माप चुकायचं न्हाई."

ही गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची. मोटारसायकलवर घालायची वॉटरप्रूफ पॅन्ट उंच माणसाला मिळत नाही, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. दुकानदार साईज वाढवत जातो, एक्सएल, डबल एक्सएल, ट्रिपल एक्सएल, आणि पॅन्ट नुसती रुंद होत जाते. ट्रिपलमध्ये मी आणि दुकानदार दोघंही मावलो असतो, पण खाली माझी नडगी उघडीच. सांगलीत बघितलं, बेळगावात बघितलं, पुण्याला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवलं. एकानं बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधायचा सल्ला दिला. बांधल्या. घाटात फाटल्या. पावसाळ्याचे चार महिने माझे पाय ओले, आणि बोटांच्या बेचक्यात कायम चिखल्या.

आमचा चोवीस जणांचा ग्रुप होता. पावसाळ्यात दर रविवारी गाड्या काढायच्या आणि गगनबावडा, राधानगरी, आंबा असं कुठंतरी भिजत जायचं. ग्रुपचा म्होरक्या दिगूदादा. त्याचं हेल्मेटचं आणि गाडीच्या सामानाचं मोठं दुकान. इंदूताईंचं नाव त्यानंच काढलं होतं. त्या रिक्षाचे हूड शिवायच्या. कापड कसं कापायचं, शिवणीवर आतून पट्टी कशी चिकटवायची म्हणजे सुईच्या भोकातून थेंब येत नाही, हे त्यांच्यासारखं दुसऱ्या कुणाला जमत नाही असं रिक्षावाले सांगायचे.

"आधी टॉवरची पॅन्ट होऊ दे," दिगूदादानं सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं. टॉवर म्हणजे मी. "ह्याला बसली तर कुणालाबी बसंल. ह्याचे पाय कोरडे राहिले की चोवीसच्या चोवीस पॅन्टी तिच्याकडं. आणि पुढच्या पावसाळ्यापासनं माझ्या दुकानात बी तिचाच माल."

ताईंनी ते मनावर घेतलं होतं. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "साहेब, हुडाचं काम आता राह्यलं न्हाई. नव्या रिक्षा हूड घेऊनच येत्यात. ह्या पॅन्टीचं जमलं तर माझं दुकान टिकलं, न्हाईतर दिवाळीनंतर शटर खाली." हे त्या रडून नाही, कापडावर खडूनं रेघ मारता मारता म्हणाल्या.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी गाडीवरून उतरलो.

खोलीवर आल्यावर बघितलं तर ताईंचं म्हणणं खरं होतं. गाडीवर बसून स्वतःची कंबर ते घोटा मोजणं एकट्याच्यानं होत नाही. वाकलं की टेप सरकते. खाली घरमालक पेपर वाचत बसले होते. त्यांना हाक मारली असती तर दोन मिनिटांचं काम. पण ते हसतील, म्हणतील, काय हो, आता पॅन्टीची मोजणी काय? नकोच ते, म्हटलं. भिंतीला टेकून उभा राहिलो, टेप लावली. सेहेचाळीस इंच. कागदावर लिहिलं: लांबी सेहेचाळीस. मग ताईंची बडबड आठवली, आणि पुढं कंसात लिहिलं, बसून घेतलेलं माप. खाली सही ठोकली. सही करायची सवयच हो, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी ताईंनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाल्या, "सेहेचाळीसच? मला पन्नासच्या वर वाटलं हुतं."

"दोनदा मोजलंय," मी म्हणालो.

"मग झालं तर." त्यांनी चिठ्ठी मशीनच्या ड्रॉवरमध्ये टाकली.

आठ दिवसांत पॅन्ट तयार झाली. काय काम होतं ते! काळं जाड कापड, बसायच्या जागी एकही शिवण नाही, अखंड तुकडा, कारण पाणी साठतं ते तिथंच. बुटावरून चढावी म्हणून घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चेन, आणि चेनवर दुहेरी पदर. दुकानात उभ्यानं घालून बघितली तर बुटावर कशी झोकात उतरली! ताई दोन पावलं मागं सरून बघत राहिल्या. "बसून बघा की एकदा," म्हणाल्या. समोर रिक्षावाले होतेच. मी म्हणालो, "रविवारी बसतोच आहे की."

रविवारी गगनबावड्याला निघालो. कळे गाव सोडलं आणि पावसानं धरलं. चोवीस गाड्या एकामागं एक, आणि माझी नजर रस्त्यावर कमी, स्वतःच्या पायांवर जास्त. पॅन्ट वर चढली होती. बुटाचा गळा आणि पॅन्टीची कड यांच्यामध्ये पायमोजा दिसत होता, चांगला चार बोटं, आणि मांडीवरून ओघळलेलं सगळं पाणी त्याच्यावर. कळ्यापासून गगनबावड्यापर्यंत मला एक सेकंदही शंका नव्हती की हे कशामुळं होतंय.

वर चहाच्या टपरीत सगळ्यांनी बूट काढले. मी काढत नव्हतो.

"काढ की लेका," दिगूदादा म्हणाला. "परीक्षा हाय आज तुझी."

काढला. उलटा केला. पेलाभर पाणी धबकन जमिनीवर पडलं. टपरी हसण्यानं दणाणली.

"आयला! टॉवर, हे रं काय? बाईनं शिवलेली पॅन्ट गळती व्हय?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी एवढंच म्हणायला हवं होतं, दादा, माप मीच चुकीचं दिलं. मग हसले असते. मोजणीवाल्याला स्वतःचा पाय मोजता येईना म्हणून वर्षभर हसले असते. आमच्या ऑफिसपर्यंत गेलं असतं. माझी मोजणी कबूल नाही म्हणून बांधावर भांडणारे शेतकरी मला रोज भेटत होते, त्यांच्या कानावर गेलं असतं तर झालंच.

"शिवणीतनं आलं असेल," मी म्हणालो.

"बघा! मी म्हणत हुतो," कुणीतरी म्हणालं. काय म्हणत होता देव जाणे.

सोमवारी दुपारी दिगूदादा, ग्रुपमधले आणखी दोघं आणि मी असे इंदूताईंच्या दुकानात गेलो. मला जायचं नव्हतं. दिगूदादा म्हणाला, "तुझ्याशिवाय कसं? पॅन्ट तुझी." ताईंनी चौघांना बघितलं आणि आधी हसल्याच. ऑर्डर द्यायला आलोत असं वाटलं असणार त्यांना. दिगूदादानं पॅन्ट काउंटरवर टाकली.

"ताई, शिवण गळती. ह्याच्या बुटात पेलाभर पाणी."

"शिवण?" त्यांचा चेहरा उतरला. मग त्या उठल्या. पॅन्टीचे दोन्ही पाय गुडघ्यापाशी, चेनच्या वर, सुतळीनं करकचून बांधले. छताला हूड टांगायचा लोखंडी आकडा होता, त्याला पॅन्ट कमरेनं टांगली. मागून पाण्याची बादली आणली आणि ओतली. दुसरी बादली आणली, ती पण ओतली. दोन्ही पाय पाण्यानं टम्म फुगले, आणि पॅन्ट दुकानाच्या मध्यभागी हळूहळू हेलकावे खात राहिली. खाली त्यांनी एक वर्तमानपत्र पसरलं.

आम्ही उभे. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. ताई वर्तमानपत्राकडं बघत होत्या. त्यावर एक थेंब पडला नाही.

"शिवण न्हाई गळत, दिगूदादा," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"मग पाणी कुठनं आलं? टॉवर, सांग की."

मी पॅन्टीकडं बघत राहिलो.

ताईंनी माझ्याकडं बघितलं. मग खाली माझ्या बुटांकडं. मग मशीनचा ड्रॉवर उघडला, आत बघितलं आणि पुन्हा लावून टाकला. मला वाटलं, आता संपलं. त्या चिठ्ठी काढतील, वाचतील, माझी सही दाखवतील. खरं सांगतो, त्या क्षणी मला बरंच वाटलं असतं.

"लांबीत चूक हाय," ताई म्हणाल्या. "बसल्यावर वर चढत असणार. कड बुटाच्या वर गेली असंल."

"पण माप तर ह्यानं लिहून दिलं हुतं की," दिगूदादा म्हणाला. "आणि हा तर मोजणीवाला."

ताई थांबल्या. चांगल्या थांबल्या. बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजून गेला.

"व्हय," शेवटी त्या म्हणाल्या. "माप बरोबर हुतं. कापताना माझ्याकडनं चुकलं."

दिगूदादानं सुस्कारा सोडला. वाईट माणूस नव्हता तो. "ताई, राग मानू नका. पण एका पॅन्टीत एवढं चुकत असंल तर चोवीस जणांचं मी कुणाच्या भरवशावर द्यायचं? दुकानात माल ठेवला आणि गिऱ्हाइकांची बोंब आली तर?"

"न्हाई, बरोबर हाय तुमचं."

"पुढच्या वर्षी बघू."

"व्हय, बघू."

ते तिघं बाहेर पडले. मी मागं राहिलो. ताईंनी पॅन्टीतलं पाणी बादलीत सोडलं आणि मला म्हणाल्या, "गाडीवर बसा साहेब. आता तरी बसा."

बसलो. थांब्यावरचे रिक्षावाले हसले, शिडीचं पुन्हा निघालं. मला काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी कमरेपासून घोट्यापर्यंत टेप धरली, गुडघ्यावरून वळवून. "एक्कावन्न," म्हणाल्या. "शनिवारी या. खाली पाच इंचाची पट्टी जोडून, आतनं टेप मारून ठेवते."

शनिवारी मुद्दाम दुकान बंद व्हायच्या आधी गेलो, थांब्यावर माणसं कमी असतात म्हणून. पॅन्ट तयार होती. घालून, बाहेर जाऊन, गाडीवर बसून बघितलं. कड बुटाच्या टाचेपर्यंत. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा एखादं कापड माझ्या पायापेक्षा लांब होतं.

आत आलो आणि म्हणालो, "ताई, ते माप मी उभ्यानं घेतलं होतं. बसून घेतलं असं खोटं लिहिलं. चूक तुमची नव्हती."

त्या कात्रीनं दोरे कापत होत्या. कापत राहिल्या.

"हे मला कशाला सांगताय? मला ठाऊकच हाय. ज्या दिवशी पाणी थांबलं पॅन्टीत, त्याच दिवशी कळलं."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"चार माणसांत गिऱ्हाइकाचं माप खोटं म्हणायचं नसतंय, साहेब. आमच्या धंद्यात ते कुणीच करत न्हाई. केलं तर परत कोण माप द्यायला येतंय?" त्यांनी कात्री खाली ठेवली. "आणि खरं सांगू? मी थांबले हुते. तुमी बोलाल असं वाटलं. माणूस चांगला दिसतोय, बोलंल, म्हटलं. लय वेळ थांबले."



"मी सांगतो सगळ्यांना," मी म्हणालो. "गुरुवारी ग्रुपची बैठक आहे दिगूदादाच्या दुकानात. तिथं सांगतो, सगळ्यांसमोर."

"बघा. दिगूदादा पुढच्या आठवड्यात बाहेरनं माल भरणार हाय म्हणे. त्याच्या आत सांगा म्हणजे झालं." मग थोडं हसून म्हणाल्या, "आणि तुमी मन हलकं करायला माझ्याकडं येऊ नका. मला ऐकून काय उपयोग? ज्यांना ठाऊक न्हाई त्यांना सांगा."

त्यांनी पट्टी जोडायचं काही घेतलं नाही. मी फार आग्रह केला तरी नाही.

गुरुवारी संध्याकाळी धो धो पाऊस. नवी पॅन्ट घालून निघालो. अर्धा तास गाडी चालवली, आणि पाय कोरडे ठणठणीत. वाटेत वाक्य घोकत होतो. दादा, एक सांगायचंय. माप मी चुकवलं, बाईनं माझी लाज राखली, ऑर्डर तिची आहे. एवढंच. दहा सेकंदांचं काम. सिग्नलला हेल्मेटच्या आत मोठ्यानं म्हणून बघितलं, तेव्हा तर अगदी झकास जमलं.

दिगूदादाच्या दुकानात मागच्या खोलीत सगळे जमले होते. वीस-एक जण, चहा, भजी, ओल्या जॅकेटांचा वास. मी दारात पाऊल ठेवलं आणि तोंड उघडलं, एवढ्यात कोपऱ्यातला एक अनोळखी माणूस उठून उभा राहिला. उभा राहिला आणि उठतच राहिला. माझ्यापेक्षा इंचभर उंच! शिवकुमार बिराजदार नाव, बँकेत अधिकारी, लातूरहून नुकता बदलून आलेला. त्याची पॅन्ट नडगीपर्यंत आणि बूट चिंब. तो माझ्या पायांकडं असा बघत होता की जणू मी देवाचा माणूस.

"सर," तो म्हणाला, "ही पॅन्ट कुठून घेतलीत? मी वर्षभर शोधतोय. आपल्या मापाची कुठंच मिळत नाही हो."

सगळ्यांच्या माना वळल्या. दिगूदादानं भजी तोंडाशी नेली होती, ती तशीच धरून माझ्या पायांकडं वाकून बघितलं.

"टॉवर, कोरडा आलास की रं तू! त्या बाईनं तर वाट लावली हुती तुझी. मग ही कुठली?"

बघा, कसं ताटात वाढून आलं होतं. मला वाक्य सुरूसुद्धा करावं लागणार नव्हतं, फक्त नाव घ्यायचं होतं. इंदूताई. मग तीच का, तीच का, म्हणून सगळे विचारणार, आणि मग मला बाकीचं सांगावं लागणार. वीस तोंडं माझ्याकडं वळलेली होती, आणि त्यातली निम्मी आत्ताच हसायच्या तयारीत होती.

"पुण्याहून मागवली," मी म्हणालो.

"तरीच!" दिगूदादा म्हणाला आणि भजी तोंडात टाकली. "पुण्याचा मालच वेगळा. मी बी उद्या तिकडंच फोन लावतो."

बिराजदारनं खिशातून पेन काढलं, हाताच्या तळव्यावर लिहायला. "दुकानाचं नाव सांगता, सर?"

"ते आता बंद झालं," मी म्हणालो.

"अरेरे," तो म्हणाला. खरंच वाईट वाटलं त्याला. पेन खिशात ठेवून खाली बसला, आणि सरकून मला शेजारी जागा करून दिली. मी बसलो. चहा आला, तो प्यालो.

ताईंचं दुकान त्या वेळी उघडं होतं. दिगूदादाच्या पायरीवरून चालत दहा मिनिटं. दिवाळीनंतर एकदा साइटवर जाताना मी त्या रस्त्यानं गेलो, तेव्हा मात्र ते खरंच बंद झालं होतं.